कॅप्टनला कामावर असतानाच वेडा होऊ द्या

वाचकाचे पत्र : आमच्या नाट्यगटासाठी मी पहिलेच दोन अंकी नाटक लिहीत आहे. नायक मालवाहू जहाजाचा कॅप्टन आहे. त्याच्याच गावचा, त्यानेच शब्द टाकून जहाजावर आणलेला एकोणीस वर्षांचा कॅडेट पावसाळी वादळात सर्वांच्या देखत समुद्रात पडतो. शोध घेऊनही तो सापडत नाही आणि अखेर कॅप्टन जहाज पुढे नेण्याचा हुकूम देतो. दुसऱ्या अंकात शोकाने आणि अपराधीपणाने तो वेडा होतो, नकाशे फाडतो, लाटांशी भांडतो, मुलाचा आवाज ऐकतो आणि शेवटी समुद्रात उडी घेतो. संहितेचे वाचन झाले तेव्हा पहिला अंक सर्वांना आवडला, पण दुसऱ्या अंकात दोघे-तिघे चक्क हसले. दिग्दर्शक म्हणतो की वेड पटत नाही. ते पटेल असे कसे लिहावे? आणि कॅप्टन खरोखर चुकला होता की नाही, हे प्रेक्षकांना सांगावे का? माझे आजोबा बोटीवर खलाशी होते, पण ते आता हयात नाहीत, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही. — एक वाचक, रत्नागिरी

प्रिय वाचक भगिनी,

हसणाऱ्यांवर रागावू नका, त्यांनी तुमचे काम सोपे केले आहे. पहिल्या अंकातला तुमचा कॅप्टन आपला व्यवसाय जाणणारा माणूस आहे. तो वाऱ्याचा जोर ओळखतो, इंजिनरूमला फोन करून वेग कमी करायला सांगतो, सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, डेकवरची माणसे आत घ्यायला लावतो. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या पानावर मात्र तो हे सारे विसरून हात वर करतो आणि लाटांना शिव्या देऊ लागतो. पंचवीस-तीस वर्षे अंगात मुरलेली सवय माणसाला इतक्या लवकर सोडून जात नाही. जहाजावर तर नाहीच नाही, कारण तिथे दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पाळ्यांत बांधलेले असतात आणि प्रत्येक पाळीत काय घडले याची नोंद कोणीतरी सही करून ठेवलेली असते. तुमच्या कॅप्टनचे वेड त्या नोंदींतून आणि हुकमांतून वर यायला हवे. त्याला कामावरून उठवून वेडा करण्याची घाई करू नका. कामावर असताना, कामाच्याच हत्यारांनी तो वेडा होऊ दे. (जाता जाता : नाटक आजच्या काळात घडत असेल तर फाडायला नकाशे आणणार कुठून? मोठ्या मालवाहू जहाजांवर आता नकाशे पडद्यावर असतात.)

आधी अपघाताकडे पाहू, कारण अपराधीपणाचे मूळ तिथे आहे. सर्वांच्या देखत माणूस पाण्यात पडला तर काय करायचे हे ठरलेले असते आणि त्याचा सरावही झालेला असतो. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, कडेला अडकवलेला, दिवा आणि धूर सोडणारा लाइफबॉय (तरंगते कडे) पाण्यात टाकायचा, जीपीएसवरचे बटण दाबून जागा धरून ठेवायची, एका माणसाने दुसरे काहीही न करता पडलेल्याकडे बोट रोखून उभे राहायचे, भोंग्याचे तीन लांब सूर द्यायचे. सुकाणू आधी पडलेल्याच्या बाजूला पूर्ण वळवायचे आणि जहाज ६० अंशांनी फिरले की उलट बाजूला पूर्ण वळवायचे, म्हणजे जहाज आपल्याच मागच्या वाटेवर परत येते. या वळणाला विल्यमसन टर्न म्हणतात. हे सारे वेळेवर केलेल्या कॅप्टनला दुःख होईल, पण स्वतःला वर्षानुवर्षे पोखरत राहायला त्याला फारशी जागा मिळणार नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की, मुलाला पडताना कोणीच पाहू नये. पहाटे चार वाजता पाळी बदलताना तो शेवटचा दिसला होता आणि साडेसहाला चहाला आला नाही म्हणून शोधाशोध सुरू झाली, एवढेच ठाऊक असावे. १२ नॉट वेगाने जाणारे जहाज अडीच तासांत ३० सागरी मैल, म्हणजे पंचावन्न किलोमीटरहून अधिक अंतर कापते. मुलगा या पंचावन्न किलोमीटरांत नेमका कुठे पडला, हे कॅप्टनला कधीच कळणार नाही, आणि प्रत्येक रात्री तो त्याला वेगळ्या ठिकाणी पाडून पाहील.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमच्या संहितेत समुद्राला नाव नाही, तो फक्त 'अथांग' आहे. त्याला नाव द्या, कारण नावाने शोकाचे गणित बदलते. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात पडलेला माणूस गारठ्याने तासा-दोन तासांत गेला असणार, असे म्हणून कॅप्टन निदान मनाची समजूत घालू शकतो. आपल्या किनाऱ्याजवळचा अरबी समुद्र पावसाळ्यातही २७-२८ अंशांइतका उबदार असतो आणि अंगात लाइफजॅकेट असेल तर अशा पाण्यात माणूस एका दिवसाहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. म्हणजे तुमचा कॅप्टन 'शोध थांबवा' म्हणाला त्या क्षणी मुलगा कदाचित श्वास घेत होता. हा 'कदाचित' तुमच्या नाटकाचा कणा आहे आणि तो तुम्ही वापरलेलाच नाही.

शोध थांबवण्याचा निर्णयही तुम्ही समजता तसा एकट्या कॅप्टनचा नसतो. मुंबईला तटरक्षक दलाचे सागरी बचाव समन्वय केंद्र आहे. शोधाची आखणी, जवळच्या जहाजांना वळवणे, विमान पाठवणे आणि अखेर शोध आटोपता घेणे, हे त्यांच्या समन्वयाने होते. त्यामुळे कॅप्टनजवळ जहाजाला शोधातून मोकळे केल्याचा लेखी निरोप असेल. पण सुकाणू धरणाऱ्याला पूर्वीची दिशा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली असेल, आणि ते वाक्य ध्वनिमुद्रित झालेले असेल. जहाजांवर व्हॉयेज डेटा रेकॉर्डर नावाचे यंत्र असते. १ जुलै २००२ पासून बांधलेल्या, ३००० टनांहून मोठ्या मालवाहू जहाजांना ते सक्तीचे आहे, आणि ब्रिजवरचे बोलणे त्यात साठत राहते. अपघातानंतर ती नोंद पुसली जाऊ नये म्हणून जपून ठेवायची जबाबदारी कॅप्टनचीच. रंगभूमीवर मुलाचा आवाज घुमवण्यापेक्षा कॅप्टनचा स्वतःचाच आवाज, त्या दिवशीचा, शांत आणि व्यवहारी, एकदा ऐकवून पाहा.

आता मुख्य वस्तू, नाइट ऑर्डर बुक. कॅप्टन सहसा पाळीवर उभा राहत नाही. झोपायला जाण्याआधी तो एका वहीत रात्रीचे हुकूम लिहून ठेवतो आणि पाळीवर येणारा प्रत्येक अधिकारी ते वाचून खाली सही करतो. अमुक दिशा ठेवावी, मासेमारीच्या बोटींवर लक्ष असावे, दृश्यता कमी झाली किंवा कसलीही शंका आली तर मला उठवावे, असे चार-पाच ओळींचे ते लिखाण असते. समजा, अपघाताच्या आदल्या रात्री त्याने लिहिले होते की, वारा पडल्यावर पुढच्या हॅचची, म्हणजे मालाच्या कोठाराच्या झाकणाची, पाहणी करावी. 'दोघांनी जावे' असे त्याने लिहिले नव्हते, कारण खवळलेल्या समुद्रात डेकवर एकट्याने जायचे नाही हे जहाजावर पोराटोरांनाही माहीत असते आणि माहीत असलेल्या गोष्टी कोणी वहीत लिहीत बसत नाही. मुलगा एकटा गेला. उत्साहाने गेला की कोणी पाठवले, हे संदिग्ध ठेवा. कॅप्टनच्या अपराधाला आता एक मोजता येणारा आकार आला : न लिहिलेले दोन शब्द.

यापुढे नाटक स्वतःच्या पायांनी चालू लागेल. दुसऱ्या रात्री तो हुकमांत 'दोघांनी जावे' लिहितो आणि ते योग्यच असते. तिसऱ्या रात्री तो जिन्याचा कठडा धरूनच उतरावे असे लिहितो. आठवडाभरात चार ओळींची चार पाने होतात, कारण जी गोष्ट लिहिली नाही ती माणूस मारते, अशी त्याची खात्री झालेली असते, आणि जगात न लिहिलेल्या गोष्टींना अंत नाही. बूट कोणत्या पायात आधी घालावा इथपर्यंत तो पोहोचेल. पाळीवरचे अधिकारी सुरुवातीला आदराने सही करतील, मग न वाचता, मग एकमेकांकडे पाहून. तिसरा अधिकारी, जो वयाने सर्वांत लहान आहे, कदाचित मनातल्या मनात हसेल, आणि तिथे प्रेक्षकही हसले तर हसू द्या, ते हसू पुढच्या प्रवेशात तुमच्याच उपयोगी पडेल. पुढे एका रात्री वहीत हुकूम येतो की, अमुक अक्षांश-रेखांशावर वेग कमी करून चारी बाजूंना नजर ठेवावी, आणि ती जागा जहाजाच्या मार्गापासून दोनशे मैल मागे असते. चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, हे वाचतो आणि सही करत नाही. मला विचाराल तर तुमच्या दुसऱ्या अंकाचा कळसाध्याय तो आहे, आणि त्यात कोणाला आवाज चढवण्याची गरज नाही.

त्या मुलाच्या सामानाचा प्रवेश तुम्ही लिहिलेला नाही, तो अवश्य लिहा. जहाजावर कोणी दगावले किंवा बेपत्ता झाले तर त्याच्या वस्तू कॅप्टनने ताब्यात घेऊन, साक्षीदारांसमोर यादी करून, सीलबंद करायच्या असतात. केबिनमध्ये दोघे-तिघे दाटीवाटीने उभे आहेत, एक जण वस्तू उचलून दाखवतो आहे आणि दुसरा लिहितो आहे : बॉयलर सूट दोन, सेफ्टी शूज एक जोड, मोबाइलचा चार्जर एक. मग एक अर्धी बाटली येते. लिहिणारा अधिकारी पंजाबचा. तो लिहितो, 'लाल द्रव, एक बाटली.' कॅप्टन बाटली हातात घेतो, बूच काढून वास घेतो, त्या नोंदीवर नियमाप्रमाणे एकच सरळ रेघ मारून शेजारी सही करतो आणि 'कोकमाचे आगळ' असे लिहितो. त्याच्या गावात ते कोणाच्या परसातल्या रातांब्यांचे असेल, हेसुद्धा त्याला ठाऊक आहे. इथे त्याला एक अश्रूही ढाळायला लावू नका.

मुलाच्या आईला कळवण्याचे काम तुम्ही कॅप्टनकडे दिले आहे आणि तो उपग्रह फोनवर रडतो. प्रत्यक्षात नातेवाइकांना कळवते ती कंपनी, आणि कॅप्टनला बहुधा अशी ताकीद मिळते की, जबाबदारी मान्य केल्यासारखे काहीही कोणाशी बोलू नये, कारण मागे विमा आणि भरपाईचे प्रश्न असतात. ज्या बाईच्या अंगणात तो लहानाचा मोठा झाला तिला 'माझे चुकले' एवढे म्हणण्याचीही त्याला मुभा नाही. याहून मोठी कोंडी तुम्हाला रचता येणार नाही. शिवाय जहाजावर मन मोकळे करायला त्याला कोणी नसते. सगळे त्याच्या हुकमातले, आणि हुकूम देणाऱ्याने हुकूम पाळणाऱ्यापुढे आपण डळमळलो आहोत हे कबूल करायचे नाही, असा तिथला अलिखित दंडक. गावी आईची वेगळीच कोंडी आहे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात, पण समुद्र पोटात काही ठेवत नाही, आज ना उद्या परत देतो, असे किनाऱ्यावरची माणसे म्हणतात, आणि त्या आशेवर आई विधी होऊ देत नाही. म्हणजे इकडे आई आणि तिकडे कॅप्टन, दोघांनीही मुलाला जिवंत ठेवले आहे, आणि दोघांची भेट मात्र नाटकात होत नाही. तुम्हाला ती घडवण्याचा मोह होईल. मी तो टाळला असता.

मुलाचा आवाज ऐकू येणे हे तुम्ही वेडाचे लक्षण म्हणून वापरले आहे. इथे थोडे थांबा. वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या जवळजवळ तीनशे स्त्री-पुरुषांशी बोलून १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना गेलेली व्यक्ती जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा बोलल्याचा अनुभव आला होता, आणि बहुतेकांनी तो कधी कोणाला सांगितलेला नव्हता. ही माणसे वेडी नव्हती. त्यात झोपेची भर घाला : सलग काही रात्री झोप झाली नाही तर धडधाकट माणसालाही भास होऊ लागतात. जहाजावरच्या माणसाला २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते. तुमचा कॅप्टन त्या तक्त्यात रोज निर्दोष आकडे भरतो आणि रात्रभर ब्रिजच्या काळोख्या बाजूला उभा राहतो. आवाज त्याला खुशाल येऊ द्या, पण तो वेडा ठरावा तो आवाज ऐकल्यामुळे नव्हे. त्या आवाजाच्या सांगण्यावरून बावीस माणसांचे जहाज वळवू पाहिल्यामुळे. शोकाची आणि वेडाची सीमा मी तरी तिथे आखली असती.

चुकला होता की नाही, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका खऱ्या कॅप्टनच्या आयुष्यात सापडेल. अमेरिकेच्या इंडियानापोलिस या युद्धनौकेला ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर एका जपानी पाणबुडीने बुडवले. सुमारे बाराशे माणसांपैकी ३१६ वाचली. वाचलेले चार दिवस पाण्यात होते, कारण नौका पोहोचली नाही हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. तिचे कॅप्टन चार्ल्स मॅक्व्हे वाचले आणि त्यांच्यावर लष्करी खटला चालला. पाणबुड्यांना चुकवणारा नागमोडी मार्ग न धरून त्यांनी नौका धोक्यात घातली, असा ठपका आला. गंमत अशी (गंमत म्हणायला जीभ कचरते) की, ज्याने पाणतीर सोडले त्या पाणबुडीचा कमांडर हाशिमोतो याने त्याच खटल्यात साक्ष दिली होती की नागमोडी चालूनही फरक पडला नसता. शिक्षा पुढे माफ झाली, नौदलातली नोकरी राहिली, पण मृतांच्या घरून दोषाची पत्रे वर्षानुवर्षे येत राहिली, आणि १९६८ मध्ये मॅक्व्हे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. अमेरिकी काँग्रेसने त्यांना निर्दोष मानणारा ठराव केला तो २००० साली. तेव्हा प्रेक्षकांना निकाल देऊ नका, पण तुम्ही स्वतः मात्र घटनेचा मिनिटामिनिटाचा तपशील ठरवून ठेवा. लेखकालाच माहीत नसलेली संदिग्धता रंगभूमीवर नुसती गोंधळासारखी दिसते. आणि कॅप्टनला कोणीतरी अधिकृतपणे निर्दोष ठरवावे, असा एक प्रवेश जरूर घाला. त्याचा त्याला काडीचा उपयोग होणार नाही.

शेवटची उडी काढून टाका. ती तुम्हाला सुचली, कारण बुडत्या जहाजाबरोबर जाणारा कॅप्टन आपल्या मनात पक्का बसला आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेवरच राहिले, ही हकीकत आपण आदराने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तुमचे जहाज बुडालेले नाही, त्यावर बावीस माणसे जिवंत आहेत. तुमच्या नाटकात ती उडी त्याग ठरणार नाही, मृत्यू ठरेल, आणि मरणाने हिशेब चुकता होतो असा समज ती उगाच पसरवेल. त्याऐवजी ब्रिटिश नौदलाच्या बीगल जहाजाचा इतिहास पाहा. त्याचा पहिला कमांडर प्रिंगल स्टोक्स याने १८२८ मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या एकाकी, बोचऱ्या दिवसांत स्वतःला केबिनमध्ये कोंडून घेतले आणि अखेर जीव दिला. त्याच्या जागी आलेला रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा तेवीस वर्षांचा होता. कॅप्टनच्या एकटेपणाची त्याला धास्ती होती, त्याच्या मामाने आत्महत्या केली होती, आणि म्हणून पुढच्या सफरीला बरोबरीने बसून बोलता येईल असा सोबती त्याने मागितला. तो सोबती म्हणजे चार्ल्स डार्विन. तरीही १८३४ च्या अखेरीस, चिलीतल्या वालपाराईसो बंदरात, अतिश्रमाने आणि वरिष्ठांच्या नाराजीने तो खचला. आपले डोके फिरते आहे असे त्याला वाटू लागले आणि त्याने जहाजाची सूत्रे लेफ्टनंट विकहॅमच्या हाती देऊन राजीनामा दिला. विकहॅमला बढती आयती चालून आली होती. ती न घेता त्याने आणि इतरांनी कॅप्टनची समजूत घातली, राजीनामा मागे घ्यायला लावला, आणि फिट्झरॉयने ती सफर पुरी केली. (तीस वर्षांनी त्यानेही स्वतःचा अंत केला. पण मधल्या काळात ब्रिटनची हवामान संस्था उभारून जहाजांसाठी वादळाच्या सूचना सुरू केल्या त्या त्यानेच.)

तुमचा चीफ ऑफिसर हा तुमच्या नाटकातला विकहॅम आहे. सही नाकारल्यावर तो काय करतो, यावर दुसरा अंक पुन्हा लिहा. त्याच्यापुढे मार्ग आहेत : प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, ज्याला जहाजावरून कोणीही थेट फोन करू शकतो, रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला मिळतो, आणि कॅप्टन काम करण्याच्या स्थितीत नसेल तर सूत्रे चीफ ऑफिसरकडे येतात. पण हे सारे करणे म्हणजे ज्याने आपल्याला घडवले त्याच्याविरुद्ध तक्रार करणे. ही त्याची द्विधा नीट रंगवली तर कॅप्टनला ओरडावे लागणार नाही.

विचारायला कोणी नाही म्हणता, पण तुम्ही रत्नागिरीत राहता. तुमच्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली आहेत, निवृत्त सारंग आणि कॅप्टन तुम्हाला दोन-चार घरांच्या चौकशीत भेटतील. त्यांना 'वेड' हा विषय सांगून बसू नका, ते पंख्याकडे पाहत चहा संपवतील. नवा मसुदा तयार झाला की फक्त सामानाच्या यादीचा प्रवेश वाचून दाखवा आणि यात काय चुकले आहे तेवढे विचारा. दुरुस्त्या ते सांगतीलच. त्या सांगताना मध्येच जे बोलतील ते टिपून घ्या, आणि त्यातले काही नाटकात वापरण्याआधी त्यांची परवानगी घ्या.